पदवीच्या दिवसाची फुले : दादरच्या फूल बाजाराचे परीक्षण

पदवीप्रदान समारंभासाठी फुले घ्यायची असतील आणि आपण मुंबईत किंवा लोकलने दादर गाठता येईल इतक्या अंतरावर राहत असाल, तर ती त्याच दिवशी पहाटे दादर पश्चिमेच्या फूल बाजारातून स्वतः निवडून घ्यावीत, असे माझे मत झाले आहे. माझ्या मुलीला रसायनशास्त्रातील पदवी मिळाली आणि तिच्या महाविद्यालयाचा समारंभ जानेवारीत चर्चगेटजवळ झाला. तिच्यासाठी पुष्पगुच्छ, तिच्या आणि तिच्या मैत्रिणींच्या केसांत माळायचे गजरे, शिक्षकांना द्यायची फुले आणि घरी तिच्या आजीसाठी थोडी सुटी फुले, अशी सगळी खरेदी मी या एकाच बाजारातून केली. कोणा एका विक्रेत्याचे नाव मी देत नाही, कारण ज्या गाळ्यावर आज उत्तम माल आहे तिथे उद्या तसाच असेल असे सांगता येत नाही. कोणते फूल निवडावे, ते कोणत्या प्रकारच्या विक्रेत्याकडून घ्यावे आणि त्या दिवशी ते कसे टिकले, एवढे मात्र सविस्तर सांगण्यासारखे आहे.

पदवीच्या दिवसाची फुलांकडून असलेली अपेक्षा लग्नापेक्षा किंवा वाढदिवसापेक्षा निराळी असते. वाढदिवसाचा गुच्छ हातात पडला की थोड्याच वेळात पाण्यात जातो. पदवीच्या गुच्छाच्या नशिबी ते सुख नसते. गाउन आणि हुड (गाउनवर खांद्यांवरून पाठीवर सोडायचा रंगीत पट्टा) यांचे वाटप सुरू होण्याआधी मुलांना महाविद्यालयात बोलावलेले असते, म्हणजे फुले त्याआधीच हातात असावी लागतात. पुष्पगुच्छ घेऊन सभागृहात बसू देत नाहीत, किंवा बसू दिले तरी तो मांडीवर किंवा खुर्चीखाली राहतो. दीपप्रज्वलन, अहवालवाचन, पाहुण्यांचे भाषण आणि मग शाखेनुसार एकेक नाव, असे करत कार्यक्रम दुपारपर्यंत चालतो आणि त्यानंतर बाहेर उन्हात छायाचित्रे काढली जातात. पहाटे सहाला घेतलेले फूल दुपारी दोनला छायाचित्रात यायचे असते, आणि मधल्या सात-आठ तासांत त्याला लोकलचा प्रवास, गर्दीचे धक्के आणि सभागृहाच्या दारातील उभे राहणे सोसावे लागते. मी प्रत्येक फुलाचा विचार या आठ तासांच्या हिशेबाने केला आणि पुढची सर्व मतेही त्याच हिशेबाने दिलेली आहेत.

दादर स्थानकाच्या पश्चिमेला उतरले की सेनापती बापट मार्गावर, ज्याला जुनी मंडळी अजून तुळशी पाइप रोड म्हणतात, महापालिकेची मीनाताई ठाकरे फूल मंडई आहे आणि तिच्या आसपासच्या रस्त्यांवर पाट्या, गोण्या व हातगाड्या घेऊन बसलेले विक्रेते आहेत. बाजार पहाटेच्या अंधारातच सुरू होतो. दादरला पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेल्वेमार्गांची स्थानके आहेत आणि हा बाजार तिथेच वाढला यामागे ते मोठे कारण असावे, कारण वसई आणि पालघरकडचे शेतकरी आजही पहाटेच्या गाडीने फुलांच्या पाट्या घेऊन येतात, तर नाशिक, पुणे आणि सातारा या बाजूंचा माल टेम्पोने येतो. मी डोंबिवलीहून पहाटेच्या लोकलने आले, पूल ओलांडून पश्चिमेला उतरले, खरेदी केली आणि आठच्या आत चर्चगेटकडे जाणारी गाडी धरली. आठनंतर त्या दिशेच्या गाडीत हातात गुच्छ धरून शिरणे अवघड असते, त्यामुळे ही वेळ पाळणे फुलांच्या निवडीइतकेच महत्त्वाचे आहे.

पहिली खरेदी डच गुलाबाची केली. बाजारात हा गुलाब वीस फुलांच्या गड्डीने विकला जातो. दोन-तीन सुटी फुले मागितली तेव्हा विक्रेत्याने सौजन्याने, पण ठामपणे सांगितले, ‘‘ताई, सुटं नाही मिळणार, गड्डी घ्या.’’ घाऊक विक्रीची ही पद्धत अनेकांना अडचणीची वाटते. पदवीच्या दिवशी मात्र ती मला फार सोयीची वाटली, कारण गुच्छाला आठ-नऊ गुलाब पुरतात आणि उरलेले मुलीच्या वर्गमैत्रिणींना एकेक देता येतात. आपल्या मुलीला फुले मिळाली आणि तिच्या शेजारी उभी असलेली, जिचे आई-वडील गावाहून येऊ शकले नाहीत अशी मुलगी रिकाम्या हाताने छायाचित्रात उभी राहिली, असे होऊ नये, हे मला मनापासून वाटत होते, आणि वीसच्या गड्डीमुळे ते सहज साधले.

गुलाब घेताना कळीचा खालचा भाग, जिथे पाकळ्या देठाला मिळतात तिथे, बोटांनी अलगद दाबून पाहावा. तो घट्ट लागला तर फूल ताजे आहे, मऊ लागला तर ते एक-दोन दिवस साठवलेले आहे. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या हिरवट किंवा डागाळलेल्या असतात, त्यावरून फूल शिळे समजू नये. त्या पाकळ्या आतल्या कळीचे रक्षण करत असतात आणि गुच्छ बांधताना त्या काढून टाकायच्या असतात. मी लाल रंग टाळून फिकट गुलाबी आणि पिवळसर अशा दोन रंगांची गड्डी जमवून घेतली, कारण मुलीच्या गाउनचा रंग काळा आणि हुडचा किरमिजी होता व त्यावर लाल गुलाब छायाचित्रात हरवला असता. गुलाबांबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मावळातल्या, विशेषतः तळेगाव दाभाडे परिसरातल्या हरितगृहांचा गुलाब जानेवारीच्या अखेरीपासून व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशी जाऊ लागतो, आणि इथल्या बाजारातही त्याचा भाव चढतो. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात समारंभ असेल तर गुलाबाचा हट्ट सोडून दुसऱ्या फुलाकडे वळणे शहाणपणाचे ठरेल.

ते दुसरे फूल कोणते असावे, याबद्दल माझे उत्तर ॲस्टर असे आहे. बाजारात ॲस्टरची जुडी मिळते आणि गुलाबाच्या तुलनेत ती फार स्वस्त असते. पांढरा, गुलाबी, जांभळा आणि निळसर जांभळा असे तिचे रंग आहेत. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पुण्यातील गणेशखिंड केंद्राने या फुलाच्या ‘फुले गणेश’ नावाच्या जाती काढल्या आणि त्यांत पांढऱ्यापासून जांभळ्यापर्यंतचे हेच रंग आहेत. आपल्या हवेत वाढलेले हे फूल बिनापाण्याचे तास चांगले काढते. दुपारी दोन वाजता आमच्या गुच्छातील गुलाबांच्या कडा थोड्या मऊ पडल्या होत्या, तर ॲस्टर सकाळी होती तशीच ताठ होती. तयार पुष्पगुच्छ विकणाऱ्या दुकानांत ॲस्टर क्वचितच दिसते, कारण तिला गणपती-दसऱ्याच्या हारांचे फूल मानले जाते. देवाच्या हारात शोभणारे फूल पदवीच्या गुच्छात का शोभू नये, हे मला कळत नाही. जांभळी ॲस्टर आणि पिवळसर गुलाब यांचा मेळ काळ्या गाउनवर इतका सुंदर दिसला की दोन अपरिचित पालकांनी येऊन हा गुच्छ कुठून घेतला अशी चौकशी केली.

गुच्छात सुगंधासाठी गुलछडीच्या काड्या घातल्या. मुंबईत काही जण तिला रजनीगंधा म्हणतात आणि पुस्तकात ती निशिगंध असते. बाजारात सुटी फुले किलोवर मिळतात आणि लांब दांड्याची काडी वेगळी मिळते. गुच्छाला अर्थातच काडी लागते. काडीवरील कळ्या खालून वर उमलत जातात, त्यामुळे खालच्या दोन-तीन कळ्या उघडलेल्या आणि वरच्या सगळ्या मिटलेल्या, अशी काडी पहाटे निवडावी. ती दिवसभर उमलत राहते आणि संध्याकाळी घरी पाण्यात ठेवल्यावर तिचा सुगंध सकाळपेक्षा अधिक येतो. हिवाळ्यात गुलछडीचे उत्पादन कमी असते व भाव चढा असतो, तरी चार-पाच काड्यांसाठी तो परवडतो. मंडईत निळी आणि पोपटी गुलछडीही दिसली. ती रंगात बुडवलेली असते. ओल्या हाताला हा रंग लागतो आणि तो भाड्याच्या गाउनवर किंवा पदवी प्रमाणपत्राच्या पाकिटावर उतरण्याची भीती असते, म्हणून रंगवलेली कोणतीही फुले पदवीच्या दिवशी घेऊ नयेत. चमकी फवारलेल्या फुलांनाही हेच लागू आहे.

लिलियमबद्दलही असाच इशारा द्यावासा वाटतो. हे फूल मोठे, देखणे आणि छायाचित्रात उठून दिसणारे आहे, परंतु त्याच्या मधोमध असलेल्या परागकोशांतून तांबूस पूड झडते आणि तिचा डाग पांढऱ्या कपड्यावरून सहजी जात नाही. ज्या महाविद्यालयांत गाउनऐवजी पांढरा पोशाख आणि उपरणे वापरतात, तिथे तर विशेष काळजी घ्यावी. विक्रेत्याला सांगितले तर तो उमललेल्या फुलांतील परागकोश चिमटीने काढून देतो. मात्र मिटलेल्या कळ्या दुपारपर्यंत उमलल्या तर ते काम आपल्याला करावे लागते. चुकून पूड सांडलीच, तर ती ओल्या रुमालाने चोळू नये, चिकटपट्टीने उचलून घ्यावी. मी लिलियम घेतले नाही.

जर्बेराही घेतला नाही. त्याचा देठ पोकळ असतो आणि पाण्याविना काही तास गेले की मान वाकते. विक्रेते देठाला तार लावून ती सरळ ठेवतात, पण फूल मलूल व्हायचे ते होतेच. कार्नेशन मात्र घेतले, आणि त्यामागे थोडे भावनिक कारण होते. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठातील विद्यार्थी लेखी परीक्षेला जाताना कोटावर कार्नेशन लावतात. पहिल्या पेपरला पांढरे, मधल्या पेपरांना गुलाबी आणि शेवटच्या पेपरला लाल. मुलीला ही प्रथा फार आवडली होती. म्हणून गुच्छात एक लाल कार्नेशन घातले, परीक्षा संपल्याची खूण म्हणून. हे फूल तासन् तास टिकते. फक्त एक पथ्य आहे. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने ते लवकर मिटते, त्यामुळे पूजेच्या किंवा डब्याच्या पिशवीत केळ्यांशेजारी ते ठेवू नये.

या बाजाराची खरी श्रीमंती गजरेवाल्या बायकांकडे आहे, असे मी म्हणेन. जानेवारीत मोगऱ्याचा हंगाम नसतो. तो खरा बहरतो उन्हाळ्यात. हिवाळ्यात पांढरे गजरे दिसतात ते बहुधा कागड्याचे असतात. कागडा दिसायला मोगऱ्याच्या कळीसारखा, पण जवळजवळ बिनवासाचा असतो. अनेक ठिकाणी तो मोगरा म्हणून खपवला जातो. इथे मी ज्या बाईंकडे थांबले त्यांनी मी विचारण्याआधीच सांगितले, ‘‘मावशी, हा कागडा आहे. मोगरा पाहिजे तर पलीकडच्या पाटीत आहे, पण आत्ता महाग पडेल.’’ या एका वाक्यासाठी मी या बाजाराला पूर्ण गुण देते. मी कागड्याचेच गजरे घेतले, कारण पदवीच्या दिवशी गजरा टोपीखाली किंवा हुडाच्या वर मानेपाशी दाबला जातो आणि मोगऱ्याच्या पाकळ्या अशा दाबाने लवकर तपकिरी पडतात. कागडा तुलनेने टिकतो. त्यांच्याच शेजारी अबोलीच्या वेण्या होत्या. अबोलीला वास नसतो, पण तिचा केशरी रंग संध्याकाळपर्यंत उतरत नाही आणि वजन तर जाणवतच नाही. मुलीची एक मैत्रीण गोव्याची आहे आणि तिच्या आजीने फोनवरून अबोलीच हवी असे कळवले होते. ती वेणी केसांत माळून त्या मुलीने व्यासपीठावरून प्रमाणपत्र घेतले तेव्हा तिच्या आईच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्यासारखा होता. ज्या मुलींचे केस आखूड आहेत त्यांनी गजरा मनगटाला गुंडाळला, आणि मुलांसाठी मी गुलाब व कामिनीच्या पानांचे छोटे तुरे बांधून नेले होते. मुलांना फुले देताना आपण उगाच संकोचतो. त्या दिवशी एकाही मुलाने तुरा नाकारला नाही.

शिक्षकांसाठी सोनचाफा न्यावा अशी माझी फार इच्छा होती. विक्रेत्याने त्यापासून मला परावृत्त केले. हिवाळ्यात तो थोडाच येतो, आणि हात लागला, ऊन लागले की तपकिरी होतो. सकाळी आठला द्यायचा असेल तर घ्या, दुपारी द्यायचा असेल तर घेऊ नका, असे त्याचे म्हणणे होते. विक्री बुडत असताना दिलेला हा सल्ला मी मानला आणि प्रत्येक शिक्षकासाठी गुलछडीची एक काडी व एक गुलाब असे साधे जोड केले. गेली काही वर्षे आपल्याकडे सत्काराला पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक द्यावे असा आग्रह धरला जातो आणि व्यासपीठावरील पाहुण्यांपुरता तो मला मान्य आहे, कारण पाहुण्यांना मिळालेले गुच्छ पुष्कळदा टेबलावरच राहतात. तीन वर्षे प्रयोगशाळेत उभे राहून शिकवणाऱ्या शिक्षिकेला विद्यार्थिनीने स्वतःच्या हाताने दिलेले फूल ही गोष्ट वेगळी आहे. प्रयोगशाळेतील मदतनीस काकांनाही मुलीने आठवणीने फूल दिले.

गुच्छ बांधून देणारे कारागीर मंडईच्या आसपासच बसतात. आपण घेतलेली फुले त्यांच्याकडे नेली तर ते मजुरी घेऊन बांधून देतात. त्यांचा हात विलक्षण सफाईचा आहे. आधी हिरवी पाने ठेवायची, मग मोठी फुले, मग मधल्या जागा जिप्सीच्या बारीक फुलांनी भरायच्या आणि देठ एका वळणाने फिरवून दोऱ्याने आवळायचे, हे सारे काही मिनिटांत होते. मात्र त्यांना आपल्याला काय हवे ते नेमके सांगावे लागते. न सांगितल्यास ते चमकदार जाळी, चांदीची पट्टी आणि पारदर्शक कागद वापरून लग्नाच्या स्वागतसमारंभाला शोभेल असा भारी गुच्छ तयार करतात. पदवीच्या दिवशी एका हातात प्रमाणपत्राचे पाकीट असते, त्यामुळे गुच्छ दुसऱ्या एका हाताने धरता येईल इतका हलका आणि कोपराच्या वळणात आडवा राहील इतक्या लांब देठांचा असावा. पारदर्शक कागद तर अजिबात नको, कारण उन्हात त्याच्या आत वाफ धरते आणि पाकळ्यांवर डाग पडतात. मी साधा खाकी कागद आणि सुती फीत आधीच नेली होती. कारागिराने ती आनंदाने वापरली. फुलांचा स्पंजही नको म्हणून सांगितले, कारण तो प्लॅस्टिकचाच एक प्रकार असून मातीत कुजत नाही. त्याऐवजी देठांची टोके तिरकी कापून, ओल्या कापसात गुंडाळून, वर केळीच्या पानाचा तुकडा दोऱ्याने बांधून घेतला. आमची फुले दुपारपर्यंत तग धरून राहिली याचे सर्वांत मोठे श्रेय या ओल्या कापसाला आहे, आणि सभागृहाबाहेर वाट पाहताना मी त्यावर दोनदा बाटलीतले पाणी शिंपडले होते.

मंडईत जांभळे डेंड्रोबियम ऑर्किडही मोठ्या प्रमाणात असते. हेच फूल अमेरिकेतील हवाई बेटांवर पदवीच्या दिवशी गळ्यात घालायच्या माळांमध्ये वापरतात. तिथे या माळेला लेई म्हणतात आणि पदवी मिळालेल्या मुलाच्या गळ्यात नातलग व मित्र इतक्या लेई घालतात की हनुवटीपर्यंत फुलेच फुले दिसतात. कॅलिफोर्नियातील विद्यापीठांतही ही प्रथा रुळली आहे आणि तिथे शिकलेल्या आमच्या एका भाच्याच्या छायाचित्रात मी ती पाहिली होती. हार घालून गौरव करण्याची रीत आपल्याकडे इतकी जुनी असताना पदवीच्या दिवशी आपण आपल्या मुलांच्या गळ्यात हार घालायला का कचरतो, असा प्रश्न मला तेव्हा पडला. म्हणून कारागिराकडून ऑर्किडच्या सुट्या फुलांचा एक बारीक, हलका हार ओवून घेतला. झेंडूचा किंवा गुलाबपाकळ्यांचा हार हुडावर जड होतो आणि त्याचा रंग कापडाला लागतो. ऑर्किडचा हार या दोन्ही दोषांपासून मुक्त आहे. समारंभानंतर मुलीच्या वडिलांनी तो तिच्या गळ्यात घातला. या हाराची मजुरी फुलांपेक्षा अधिक पडली, तरीही सर्व खरेदीत मला सर्वांत समाधान देणारी वस्तू तीच वाटते.

आता गैरसोयींविषयी. पहाटेच्या वेळी बाजारात चालायला जागा नसते. डोक्यावर करंड्या घेतलेले हमाल वेगाने येत असतात आणि त्यांना वाट देणे हे आपले कर्तव्य आहे, कारण त्यांचे पोट त्या वेगावर चालते. जमिनीवर पाणी आणि पानांचा चिखल असतो. समारंभाचे रेशमी कपडे व पादत्राणे घालून तिथे जाऊ नये. मी साधी साडी नेसून गेले आणि नंतर महाविद्यालयात बदलली. पावती मिळत नाही, परत घेणे नाही, आणि भाव दिवसागणिक बदलतो; लग्नाचा मुहूर्त किंवा सण जवळ असेल तर तो अचानक चढतो. याच कारणाने मी इथे रुपयांचे आकडे देत नाही. तुलनेसाठी एवढे सांगते की, घराजवळच्या चांगल्या दुकानात एका मोठ्या तयार गुच्छासाठी मला जी किंमत सांगितली होती तेवढ्यात इथे गुच्छ, गजरे, तुरे आणि शिक्षकांची फुले एवढे सगळे झाले. हाराचा खर्च तेवढा वेगळा आला. मोबाइलवरून पैसे बहुतेकांनी घेतले, गजरेवाल्या बाईंना मात्र सुटे द्यावे लागले. वयस्कर व्यक्तींनी किंवा लहान मूल सोबत असलेल्यांनी या गर्दीत जाऊ नये असेच मी सांगेन.

घरपोच फुले पाठवणाऱ्या सेवांचा विचार अनेक जण करतात, विशेषतः परदेशातील नातेवाईक. पुतणीच्या पदवीच्या वेळी आमच्या नातेवाइकांनी अशाच एका सेवेतून गुच्छ मागवला होता. चित्रात उमललेली लिलियम होती, प्रत्यक्षात हिरव्या मिटलेल्या कळ्या आल्या, गुलाबांच्या जागी न विचारता दुसरीच फुले घातलेली होती, आणि गुच्छ पोहोचला तेव्हा छायाचित्रे काढून झाली होती. सगळ्याच सेवा अशा असतात असे मी म्हणत नाही, परंतु महाविद्यालयाच्या फाटकावर, ठरलेल्या अर्ध्या तासात, अनोळखी गर्दीत योग्य माणसाच्या हाती फुले देणे हे काम घरी फुले पोहोचवण्यापेक्षा अवघड आहे आणि त्या दिवशी ते जमले नाही. ज्यांना दुरून फुले पाठवायची आहेत त्यांनी ती समारंभाच्या ठिकाणी न पाठवता संध्याकाळी घरी पाठवावीत. शीतपेटीत ठेवलेली दुकानातील फुलेही उन्हात आणली की त्यांच्यावर पाणी सुटते आणि ती लवकर थकतात. दुकानातून घ्यायचीच असतील तर शीतपेटीबाहेर ठेवलेली मागावीत.

समारंभानंतर घरी आल्यावर गुच्छ सोडला, देठ पुन्हा तिरके कापले, पाण्याखाली येणारी पाने काढली आणि रोज पाणी बदलले. ॲस्टर आणि कार्नेशन आठवडाभर चांगली राहिली, गुलछडी चार दिवस घर दरवळवत होती, गुलाब तिसऱ्या दिवशी पूर्ण उमलून मग गळाले. आजीसाठी घेतलेली सुटी शेवंती तिने देवापुढे वाहिली आणि एक फूल नातीच्या प्रमाणपत्रापाशी ठेवले.

गुण द्यायचे तर ताजेपणाला आणि विविधतेला मी पाचपैकी पाच देते, विक्रेत्यांच्या सचोटीलाही पाच, बांधणीला चार, कारण ती आपल्या सूचनांवर अवलंबून आहे, आणि सोयीला दोन. ज्यांच्या घरातील समारंभ दुपारी तीन-चारचा आहे त्यांना माझी सूचना अशी की पहाटे आणलेली फुले घरी बादलीभर पाण्यात सावलीत ठेवावीत आणि गुच्छ निघण्याच्या तासभर आधी बांधावा. म्हणजे कारागिराची मजुरी वाचेल. ज्यांना दादरला येणे शक्य नाही त्यांनी आपल्या नेहमीच्या फूलवाल्याला दोन दिवस आधी ॲस्टरच्या दोन जुड्या, गुलछडीच्या चार काड्या आणि डच गुलाबाची एक गड्डी अशी फुलांची नावे सांगून मागणी द्यावी. पहाटे बाजारातून माल आणणारे फूलवाले अनेक आहेत. नाव सांगून मागितले तर ते तीच फुले आणतात, आणि फक्त ‘एक बुके द्या’ म्हटले तर जे उरले आहे ते देतात.